छायाचित्रांचें आपोआप जतन

कागदावरील छायाचित्र सावकाश मरतें. प्रथम त्याच्या कडा पिंवळ्या पडतात, मग चेहऱ्यांवरील छटा फिकट होतात, दमट कपाटांत त्यावर बुरशीचे ठिपके उमटतात. आणि हें सर्व होण्यास वीस, तीस, कित्येकदां पन्नास वर्षें लागतात. तेवढ्या अवधींत घरांतील कोणाच्या तरी तें लक्षांत येतें व कांहीं उपाय करण्यास सवड मिळते. संगणकावरील छायाचित्राची गोष्ट अगदीं निराळी आहे. तें दहा वर्षें तसूभरहि फिकें पडत नाहीं. परंतु जावयाचें झालें म्हणजे एका क्षणांत, कसलीहि पूर्वसूचना न देतां, समूळ नाहींसें होतें. जुन्या तसबिरी स्कॅन करून, त्यांवरील डाग पुसून, त्यांचा उजेड व रंग सुधारून ठेवण्याचें काम आज अनेक सुशिक्षित कुटुंबांत चाललेलें असतें. बारसें, मुंज, विवाह अशा प्रसंगांचीं नवीं छायाचित्रें तर फाईलच्या रूपानेंच जन्मास येतात. त्यांना कागदाचा स्पर्शहि होत नाहीं. अशा वेळीं या फाईलींचें जतन कसें होतें, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा राहत नाहीं. तो प्रत्येक घराचा होतो.

या प्रश्नाला बहुतेक ठिकाणीं एक ठराविक उत्तर मिळतें: ‘तें आपोआप होतें.’ हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. छायाचित्रें सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्यें व त्याच्या भोंवतीं जतन करण्याच्या निरनिराळ्या व्यवस्था आहेत. त्यांपैकीं प्रत्येक व्यवस्था एका विशिष्ट शत्रूपासून रक्षण करते आणि दुसऱ्या शत्रूपुढें ती अगदीं निरुपयोगी ठरते. वीज जाणें हा एक शत्रु. स्वतःच्या हातून होणारी चूक हा दुसरा. डिस्क बिघडणें हा तिसरा. आणि पूर, आग, चोरी यांसारखीं संकटें हा चौथा. कोणती व्यवस्था कोणाविरुद्ध आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, तो ढाल पाठीला बांधून समोरचा वार घेण्यास उभा राहतो.

प्रथम, काम चालू असतांना छायाचित्र असतें कोठें हें पाहिलें पाहिजे. संगणकाला दोन प्रकारच्या स्मृति असतात. एक शाळेंतील पाटीसारखी, दुसरी वहीसारखी. पाटीवर लिहिणें-पुसणें झटपट होतें, म्हणून प्रत्यक्ष काम तिच्यावर चालतें. परंतु विजेचा प्रवाह थांबला कीं ही पाटी कोरी होते. हिला रॅम म्हणतात. वही म्हणजे डिस्क. तिच्यांतील लेखन वीज गेली तरी टिकतें. पण तेथें लिहावयास तुलनेनें अधिक वेळ लागतो. छायाचित्र उघडलें म्हणजे त्याची नक्कल वहींतून पाटीवर उतरते. त्यानंतर केलेला प्रत्येक बदल पाटीवरच होतो. आणि ‘सेव्ह’ ही आज्ञा दिली म्हणजे पाटीवरील मजकूर पुनः वहींत लिहिला जातो. अशा दोन आज्ञांच्या दरम्यान जें काम झालें, तें सर्व विजेच्या एका तारेवर लोंबत असतें.

मग प्रत्येक बदलाबरोबर यंत्रानें वहींत लिहून कां ठेवूं नये? याचें उत्तर थोड्याशा हिशेबानें मिळतें. पत्राची किंवा लेखाची फाईल लहान असते. छायाचित्राची तशी नसते. ६,००० बिंदु रुंद व ४,००० बिंदु उंच असें एक छायाचित्र घेतलें, तर त्यांत २ कोटि ४० लक्ष बिंदु होतात. प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांसाठीं एकेक बाइट धरला, तर ७ कोटि २० लक्ष बाइट, म्हणजे ७२ मेगाबाइट झाले. छटा अधिक बारकाईनें राखण्यासाठीं दर रंगास दोन बाइट दिले, कीं तोच आंकडा १४४ वर जातो. शिवाय डाग पुसण्यासाठीं चित्रावर एक थर, चेहऱ्यासाठीं दुसरा, पार्श्वभूमीसाठीं तिसरा, अशी रचना केली म्हणजे प्रत्येक थर त्यांत आपली भर घालतो. एवढा मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत जुन्या संगणकांवर काम करणाऱ्याला हात बांधून बसावें लागे. दर पांच मिनिटांनीं अशी सक्तीची विश्रांति कोणास रुचली असती?

फोटोशॉप या सुप्रसिद्ध सॉफ्टवेअरचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत डॉक्टरेटचा अभ्यास करीत असतांना थॉमस नॉल यानें १९८७ सालीं त्याचा आरंभ केला. त्याचा बंधु जॉन यानें त्यास साहाय्य केलें. आणि १९९० सालीं ॲडोबी कंपनीनें पहिली आवृत्ति बाजारांत आणली. परंतु ठराविक वेळानें आपोआप जतन करण्याची व्यवस्था या सॉफ्टवेअरमध्यें आली ती २०१२ सालच्या ‘सीएस ६’ या आवृत्तींत, म्हणजे २२ वर्षांनीं. आणि आली तीहि एका दुसऱ्या सुधारणेच्या जोडीनें. फाईल डिस्कवर लिहिली जात असतां काम करणाऱ्याला आपलें पुढील काम चालू ठेवतां येण्याची सोय त्याच आवृत्तींत झाली. लेखन पडद्याआड होऊं लागलें, तेव्हांच तें वारंवार करणें परवडलें.

ही व्यवस्था चालते कशी, तें पाहूं. फोटोशॉपमध्यें ती मुळांत दर १० मिनिटांची ठेवलेली असते. ५, १५ किंवा ३० मिनिटें अथवा १ तास असें अंतरहि निवडतां येतें. ठरलेली वेळ आली म्हणजे सॉफ्टवेअर पाटीवरील मजकूर डिस्कवर एका निराळ्या जागीं, निराळ्या फाईलींत लिहून ठेवतें. मूळ फाईलीस तें हात लावीत नाहीं. मध्येंच वीज गेली किंवा सॉफ्टवेअर कोसळलें, तर पुढच्या वेळीं तें उघडतांच ही निराळी फाईल आपण होऊन समोर येते. तिच्या नांवाला ‘रिकव्हर्ड’, म्हणजे परत मिळविलेली, असा शब्द जोडलेला असतो. याच्या उलट, काम नीट संपवून फाईल बंद केली म्हणजे ही तात्पुरती नक्कल पुसून टाकली जाते.

या साध्या वर्णनांतून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी कीं, दहा मिनिटांचें अंतर ठेवलें असतां, वीज गेल्यास, शेवटच्या सुमारें दहा मिनिटांचें काम बुडूं शकतें. हे आपोआप जतन अखंड पहारा नसून ठराविक वेळानें येणारी गस्त आहे. दुसरी अशी कीं, फाईल बंद करतांना ‘केलेले बदल ठेवावयाचे काय?’ या प्रश्नाला घाईघाईनें ‘नाहीं’ असें उत्तर दिलें, तर मूळ फाईलींत बदल उतरत नाहींत आणि ती तात्पुरती नक्कलहि जाते. यंत्राच्या दृष्टीनें तो अपघात नव्हे, ती धन्याची आज्ञा होय. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूळ फाईलीस हात न लावण्यांत मोठें शहाणपण आहे. आजोबांच्या कपाळावरील एखादी रेघ पुसली, तर ती तसबिरीच्या कागदावरील चीर होती कीं खरोखरीची आंठी होती, हें यंत्राला कळत नाहीं. पुसणाऱ्याला तो बदल पसंत पडला आहे कीं तो केवळ करून पाहत आहे, हेंहि कळत नाहीं. म्हणून तें बदल जपून ठेवतें, पण मुळावर लादीत नाहीं. काम जतन करणें आणि तें मान्य करणें या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि त्यांतील दुसरी माणसाकडे राहिली पाहिजे.

सर्व सॉफ्टवेअरें ही गोष्ट एकाच रीतीनें करीत नाहींत. ‘गिम्प’ हें विनामूल्य मिळणारें सॉफ्टवेअर स्पेन्सर किम्बॉल व पीटर मॅटिस या दोघां विद्यार्थ्यांनीं बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत तयार केलें व १९९६ सालीं लोकांपुढें ठेवलें. त्याच्या २०१८ सालच्या २.१० या आवृत्तींत अशी योजना आली कीं, सॉफ्टवेअर कोसळूं लागलें तर जातां जातां तें उघड्या चित्रांची एक नक्कल करून ठेवण्याची खटपट करतें आणि पुढल्या वेळीं ती परत देऊं करतें. योजना उपयुक्त खरी. पण तिला कोसळण्यापूर्वींचा एक क्षण मिळावा लागतो. सॉफ्टवेअर स्वतःच्या दोषानें कोसळलें तर तो क्षण मिळूं शकतो. वीज गेली तर मिळत नाहीं. ‘क्रिता’ या दुसऱ्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्यें ठराविक अंतरानें आपोआप जतन करण्याची सोय आहे. शिवाय जुन्या फाईलीवर नवें लेखन करण्यापूर्वीं त्या जुन्या फाईलीची एक प्रत, नांवाच्या शेवटीं नागमोडी चिन्ह लावून, बाजूस काढून ठेवण्याचीहि आहे. ही दुसरी सोय दिसण्यांत किरकोळ, पण तिचें मोल फार आहे. कारण पहिली सोय अपघातापासून वांचविते, तर ही पश्चात्तापापासून. तात्पर्य, जो जें सॉफ्टवेअर वापरीत असेल त्यानें त्याच्या सेटिंग्जमध्यें एकदां डोकावून पाहावें: आपोआप जतन चालू आहे कीं नाहीं, तें किती मिनिटांनीं होतें, आणि ती नक्कल कोणत्या जागीं पडते.

पश्चात्तापावरील नेहमींचा उपाय म्हणजे ‘अन्डू’, म्हणजे केलेली क्रिया मागें घेणें. आरंभींच्या फोटोशॉपमध्यें शेवटची एकच क्रिया अशी मागें घेतां येई. १९९८ सालच्या ५.० या आवृत्तींत ‘हिस्टरी’ नांवाची पट्टी आली आणि केलेल्या क्रियांच्या यादींतून अनेक पायऱ्या मागें जाणें शक्य झालें. परंतु ही यादी काम चालू असेपर्यंतचीच असते. फाईल बंद झाली कीं तींतील पायऱ्याहि पुसल्या जातात. रात्रीं उशिरांपर्यंत बसून कोणी एका जुन्या तसबिरींतील चेहरे उजळले, मूळ फाईलीवरच ‘सेव्ह’ केलें व संगणक बंद केला. सकाळीं स्वच्छ प्रकाशांत पाहतां ते चेहरे पिठूर दिसूं लागले. आतां मागें घ्यावयास पायरी उरलेली नाहीं. येथें वीज गेली नाहीं, यंत्र बिघडलें नाहीं. सर्व व्यवस्था चोख चालली आणि तरीहि चित्र गेलें.

किंबहुना, आपोआप जतन करण्याची पद्धति जर थेट मूळ फाईलीवरच लिहूं लागली, तर ती चुकीलाच तत्परतेनें कायम करते. ॲपल कंपनीनें २०११ सालीं आपल्या मॅक संगणकांसाठीं ‘लायन’ ही प्रणाली आणली, तेव्हांपासून तिच्यांतील ‘प्रिव्ह्यू’सारखीं सॉफ्टवेअरें बदल आपण होऊन मूळ फाईलींतच उतरवूं लागलीं. सामुदायिक छायाचित्रांतून एकच चेहरा कापून घेतला व खिडकी बंद केली, तर बाकीची मंडळी मूळ फाईलींतून निघून जाऊं शकतात. या धोक्याची जाणीव असल्यानेंच ॲपलनें त्याच वेळीं फाईलीचीं पूर्वींचीं रूपें संगणकावर राखून त्यांवर परत जाण्याची सोयहि दिली. तथापि हीं पूर्वरूपें त्याच संगणकावर राहतात. तीच फाईल दुसऱ्यास पाठविली, तर तिच्याबरोबर जातें तें केवळ शेवटचें रूप. शिवाय अशी सोय आहे हेंच ज्याला माहीत नाहीं, त्याला ती असून नसल्यासारखीच.

या दुसऱ्या शत्रूचा, म्हणजे आपल्याच हाताचा, आणखी एक प्रकार आहे; तो फाईलीच्या जातीशीं निगडित आहे. छायाचित्रांची सर्वांत रूढ अशी जेपेग पद्धति १९९२ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली. ती चित्राचे ८ बिंदु रुंद व ८ बिंदु उंच असे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनांतील जो बारीक तपशील डोळ्यास सहसा जाणवत नाहीं तो टाकून देते. म्हणूनच जेपेग फाईल इतकी लहान होते. अशी फाईल नुसती उघडून पाहिल्यानें तिची कांहींहि हानि होत नाहीं, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. कारण पुष्कळांची समजूत याच्या उलट असते. परंतु उघडून, बदल करून, पुनः जेपेग म्हणूनच जतन केली, कीं ती टाकून देण्याची क्रिया पुनः एकदां घडते. एका-दोन वेळां फरक दिसत नाहीं. अनेक वेळां झाल्यावर केसांच्या व डोळ्यांच्या कडांभोंवतीं मळकट चौकोन दिसूं लागतात. आकार लहान करून त्याच नांवानें जतन करणें तर याहून घातक. ६,००० बिंदु रुंदीचें छायाचित्र मोबाईलवरून पाठविण्यासाठीं ८०० बिंदूंवर आणलें व मूळ फाईलीवरच ‘सेव्ह’ केलें, तर दर ५६ बिंदूंच्या जागीं सुमारें एकच उरतो. उरलेले ५५ कोणत्याहि युक्तीनें परत येत नाहींत.

यावर जुन्या छायाचित्रकारांची रीतच उत्तम होती. ते निगेटिव्ह जपून ठेवीत आणि मागणीप्रमाणें तिच्यावरून प्रति छापून देत. प्रत खराब झाली तर दुसरी निघे. निगेटिव्ह मात्र कोणाच्या हातीं जाऊं देत नसत. तोच नियम येथें लावावा. कॅमेऱ्यांतून अथवा स्कॅनरमधून जशी फाईल आली तशीच ती एका निराळ्या फोल्डरमध्यें ठेवावी व तिच्या नक्कलेवर काम करावें. काम चालू असतांना फाईल थर राखणाऱ्या जातींत, म्हणजे फोटोशॉपच्या पीएसडी, गिम्पच्या एक्ससीएफ किंवा क्रिताच्या केआरए यांपैकीं एखाद्या रूपांत ठेवावी; आणि जेपेग ही शेवटीं पाठविण्यापुरती काढावी. गिम्पनें २०१२ सालच्या २.८ या आवृत्तींत हा नियम सॉफ्टवेअरच्या रचनेंतच घातला: तेव्हांपासून ‘सेव्ह’ या आज्ञेनें केवळ एक्ससीएफ फाईल होते, आणि जेपेग हवी असल्यास ‘एक्सपोर्ट’ ही निराळी आज्ञा द्यावी लागते. अनेकांना हा बदल जाचक वाटला. पण निगेटिव्ह व प्रत यांतील भेद त्यानें स्पष्ट केला, हें मान्य केलें पाहिजे.

२००७ सालीं ॲडोबीनें ‘लाइटरूम’ हें सॉफ्टवेअर बाजारांत आणलें. आज ‘लाइटरूम क्लासिक’ या नांवानें चालणाऱ्या या सॉफ्टवेअरची रीत आणखी निराळी आहे. तें मूळ छायाचित्रांत बदल करीतच नाहीं. ‘या चित्राचा उजेड इतका वाढवा, त्याची कड इतकी कापा’ अशा सूचना तें कॅटलॉग नांवाच्या एका फाईलींत लिहून ठेवतें, आणि चित्र दाखवितांना त्या सूचना लावून दाखवितें. सूचना केल्या केल्या लिहिल्या जातात. ‘सेव्ह’ ही आज्ञाच येथें द्यावी लागत नाहीं. शिवाय सॉफ्टवेअर बंद करतांना, सामान्यतः आठवड्यांतून एकदां, तें कॅटलॉगची राखीव प्रत काढावयाची काय असें विचारतें. येथेंच मोठ्या गैरसमजास जागा आहे. त्या राखीव प्रतींत सूचना असतात, छायाचित्रें नसतात. व्यापाऱ्यानें खतावणीची नक्कल दर आठवड्यास जपून ठेवली, पण गोदामाला कुलूप लावलें नाहीं, तर चोरी झाल्यावर काय काय गेलें एवढेंच त्याला त्या नक्कलेवरून कळेल. कॅटलॉगच्या शंभर प्रति असल्या आणि छायाचित्रांची डिस्क एकच असून ती बिघडली, तर त्या घराजवळ उरते ती केवळ नाहींशा झालेल्या छायाचित्रांवरील सूचनांची सुबक यादी.

आपोआप या शब्दावरील तिसरा भरंवसा मोबाईल व क्लाउड यांवर असतो. काढलेलें छायाचित्र इंटरनेटवरून दूरच्या संगणकांवर आपण होऊन पोंचतें, ही सोय मोठीच आहे. पण येथें दोन गोष्टींत भेद केला पाहिजे: प्रत ठेवणें आणि प्रतिबिंब ठेवणें. प्रतिबिंब आरशासारखें असतें. समोरची वस्तु हलली कीं तेंहि हलतें, आणि वस्तु नाहींशी झाली कीं तेंहि नाहींसें होतें. ज्या व्यवस्थेला सिंक म्हणतात, ती अशी आरशासारखी असते. एका जागीं पुसलेलें छायाचित्र ती सर्व जागांवरून पुसते. गूगल फोटोजसारख्या सेवेंत राखीव ठेवलेलें छायाचित्र पुसल्यावर तें ६० दिवस कचऱ्याच्या पेटींत राहतें व तेवढ्या मुदतींत परत काढतां येतें. त्यानंतर मात्र तें जातें. दुसरी गोष्ट अशी कीं, जें पाठविलें गेलें आहे तेंच तेथें असतें. ऑगस्ट २०२० मध्यें आयफोन व आयपॅड यांवरील लाइटरूमच्या ५.४ या आवृत्तींत दोष निघाला आणि ती बसविल्यावर अनेकांचीं छायाचित्रें व सुधारणांच्या सूचना नाहींशा झाल्या. ज्यांचीं छायाचित्रें ॲडोबीच्या क्लाउडवर पोंचलीं होतीं त्यांचीं वांचलीं. जीं केवळ त्या उपकरणावरच होतीं तीं सॉफ्टवेअरमधून परत मिळूं शकत नाहींत, असें कंपनीस सांगावें लागलें. ज्यांजवळ त्या उपकरणाचीच निराळी राखीव प्रत होती, तेवढ्यांनाच कांहीं आशा उरली.

डिस्क बिघडणें आणि घरावर संकट येणें या उरलेल्या दोन शत्रूंपुढें सॉफ्टवेअरमधील कोणतीहि सोय पुरी पडत नाहीं. त्याचें कारण उघड आहे: तात्पुरती नक्कल, हिस्टरी, कॅटलॉग, पूर्वरूपें हीं सर्व बहुधा एकाच संगणकावर, कित्येकदां एकाच डिस्कवर असतात. तेथें खरी राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, हाच उपाय. मॅक संगणकांवर २००७ पासून ‘टाइम मशीन’ व विंडोजवर २०१२ पासून ‘फाईल हिस्टरी’ हीं साधनें बाहेरच्या डिस्कवर अशा प्रति आपोआप काढतात. टाइम मशीन गेल्या २४ तासांच्या तासागणिक, गेल्या महिन्याच्या दिवसागणिक आणि त्यापूर्वींच्या आठवड्यागणिक प्रति राखतें; म्हणजे काल झालेली चूक आज लक्षांत आली तरी परवांचें चित्र मिळूं शकतें. मात्र बाहेरची डिस्क जोडलेली असेल तरच हें होतें. ती कपाटांत पडून राहिली तर ‘आपोआप’ या शब्दाला कांहीं अर्थ उरत नाहीं.

अशा प्रति किती असाव्यात? पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें छायाचित्रांच्या व्यवस्थेवरील आपल्या लेखनांतून एक नियम रूढ केला. तो ‘३-२-१’ या नांवानें सर्वत्र ओळखला जातो. प्रत्येक महत्त्वाच्या फाईलीच्या एकंदर ३ प्रति असाव्यात, त्या २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकीं १ प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी. यांतील शेवटचा आंकडा लहान आहे म्हणून तो गौण समजूं नये. महाराष्ट्रांतील लोकांना तरी त्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या वस्तींत पाणी शिरलें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पाण्यापुढें टेबलावरचा संगणक आणि खालच्या खणांतील बाहेरची डिस्क यांत कांहींच अंतर नसतें. दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवलेली एक डिस्क, अथवा क्लाउडवरील एक प्रत, ही त्या दिवशीं उपयोगी पडते.

अखेरची गोष्ट तपासणीची. राखीव प्रत आहे असें वाटणें आणि ती खरोखर असणें यांत फार अंतर असूं शकतें. १९९८ सालीं पिक्सार या चित्रपट-संस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचें काम चालू असतां कोणाकडून तरी पुसण्याची एक आज्ञा चुकीच्या जागीं दिली गेली आणि चित्रपटाच्या फाईली डोळ्यांदेखत नाहींशा होऊं लागल्या. बॅकअपची व्यवस्था होती. परंतु ती उघडून पाहतां नीट चालत नव्हती असें आढळलें. अखेर गॅलिन ससमन या तंत्र-प्रमुख बाई घरून काम करतां यावें म्हणून आपल्या घरच्या संगणकावर त्या फाईलींची एक प्रत ठेवीत असत, तिच्या आधारें बरेचसें काम परत उभें राहिलें. एवढ्या साधनसंपन्न संस्थेला जें तेव्हां कळलें, तें सामान्य घरानें आधींच ओळखावें. महिन्यांतून एक दिवस ठरवून राखीव प्रतींतून दोन-चार छायाचित्रें परत काढून पाहावीं. त्यांत एक जुनें असावें, एक नुकतेंच सुधारलेलें असावें. तीं उघडलीं, स्वच्छ दिसलीं, म्हणजे बॅकअप आहे असें समजावें. नाहीं तर बैल गेल्यावर झोपा करण्याची पाळी येते.

घरांतील कामाची वांटणी म्हणून पाहिलें तर हें सर्व फारसें अवघड नाहीं. वीज जाण्याची काळजी सॉफ्टवेअरच्या आपोआप जतनावर सोंपवावी; त्याचें अंतर पांच मिनिटांवर आणावें, आणि प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्यानंतर स्वतःहि ‘सेव्ह’ करावें. चूक होण्याची काळजी मूळ फाईल अस्पृष्ट ठेवून मिटवावी. डिस्कची काळजी दुसऱ्या डिस्कवर, आणि घराची काळजी दुसऱ्या घरावर ठेवावी. यांतील पहिलें काम यंत्र न सांगतां करील. बाकीचीं तीन कोणीतरी ठरवून केल्याशिवाय होत नाहींत. म्हणून कुटुंबांतील एका व्यक्तीच्या नांवें तीं लावून द्यावींत व डिस्क कोठें आहे, पासवर्ड काय आहे, हें दुसऱ्या एका व्यक्तीस ठाऊक असावें.

रोजच्या छायाचित्रांपैकीं पुष्कळ पुनः काढतां येतात. बाग तेथेंच असते, देऊळ तेथेंच असतें, मुलें उद्यांहि हंसतात. परंतु जीं माणसें आतां नाहींत, त्यांची एखादी तसबीर स्कॅन होऊन फाईलींत येते आणि पुढें कागद नाहींसा होतो, तेव्हां त्या माणसाचा चेहरा जगांत तेवढ्या एकाच जागीं उरलेला असतो. ‘सेव्ह’ करण्यापूर्वीं जो एक क्षण थांबून फाईलीचें नांव वाचतो व तें बदलून नवी प्रत करतो, तोच त्या चेहऱ्याचें जतन करतो. एवढें काम आपोआप होणारें नाहीं.